कावसजीचा हात

लंडनहून निघणाऱ्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ एवढ्याच आद्याक्षरांची सही असलेले एक पत्र छापले गेले. शल्यविद्येच्या इतिहासात हे पत्र फार प्रसिद्ध आहे. पत्रातील हकीकत थोडक्यात अशी : कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या कैदेत सापडला व तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. तशाच स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिले. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला आणि मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. हे पत्र वाचूनच जोसेफ कार्पू या इंग्रज शल्यवैद्याने पुढे १८१४ साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला नवी चालना मिळाली.

या पत्राविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि ते सारे नाकाविषयी आहे. ते स्वाभाविकही आहे. पण आम्हांला ते पत्र वाचताना दरवेळी हात आठवतो.

नाक कापलेला माणस सहसा रक्तस्रावाने मरत नाही. मनगटापासून हात तोडलेला माणूस मात्र मरू शकतो. तेथे दोन धमन्या आहेत आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांतून रक्त उसळते. म्हणजे कावसजी पुण्याला पोचला, कपाळाची कातडी वळवून घेण्याइतका जगला, जेम्स वेल्स या चित्रकारापुढे बसला, याचा अर्थ त्याच्या तुटलेल्या मनगटावर त्या पहिल्या घटकेत कोणीतरी काहीतरी केले असले पाहिजे. कोणी आवळून फडके बांधले असेल, कोणी डागले असेल, कदाचित त्याने स्वतःच दुसऱ्या हाताने दाबून धरले असेल. पत्र त्याविषयी गप्प आहे. गंमत अशी की, नाकाच्या बाबतीतसुद्धा ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहणाऱ्या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज शल्यवैद्यांची नावे पत्रात आहेत. ती करणाऱ्याची फक्त जात आहे. हाताच्या बाबतीत तर तेवढेही नाही.

रक्त थांबवणाऱ्या हाताची ही अनुपस्थिती त्या एका पत्रापुरती नाही. आमचे वाङ्मय जखमांनी भरलेले आहे, पण त्या बांधताना फार थोडे लोक दिसतात. रक्ताने न्हालेले योद्धे फुललेल्या पळसासारखे दिसू लागले, ही उपमा रामायण-महाभारतात पुन्हापुन्हा येते. उपमा म्हणून ती देखणी आहे, पण पळसाच्या फुलातून काही ठिबकत नाही. उपमेने रक्ताचा रंग घेतला, त्याचे वाहणे सोडून दिले. बखरींत आणि पोवाड्यांत वीर जखमांनी चूर होतो आणि तरीही प्रहरच्या प्रहर लढत राहतो. १६६० साली बाजीप्रभूंनी खिंड रोखून धरली, ती विशाळगडावरच्या तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत, असे परंपरा सांगते. त्या परंपरेला हात लावण्याचा आमचा हेतू नाही. वीरकाव्यातल्या जखमेचे काम वीराची किंमत वाढवण्याचे असते आणि ते ती चोख बजावते, एवढेच म्हणायचे आहे.

किंमत हा शब्द आम्ही उगाच वापरलेला नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत अफझलखानाच्या वधानंतरची एक तपशीलवार नोंद आहे. जे जखमी झाले होते, त्यांना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर वा दोनशे होन देण्यात आले, असे सभासद सांगतो. ही नोंद आम्हांला मोलाची वाटते, कारण येथे जखम अलंकार राहत नाही. कोणीतरी रांगेने बसलेल्या माणसांच्या पट्ट्या सोडून पाहिल्या असणार, ही हलकी, ही भारी, असे ठरवले असणार. म्हणजेच या माणसांच्या जखमा त्याआधी कोणीतरी बांधल्या होत्या आणि बांधल्या म्हणूनच ती रांगेत बसू शकत होती. बखरीत होन मोजणारा आहे, बांधणारा नाही.

आता थोडे शरीराविषयी. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन-एक लिटर झपाट्याने गेले, तर उरलेले अंगभर पोचवणे हृदयाला कठीण होऊन बसते. मांडीची मुख्य धमनी फाटून मोकळी वाहू लागली, तर हे घडायला काही मिनिटे पुरतात. ताप, पू, धनुर्वात ही सगळी संकटे पुढच्या दिवसांची. रक्तस्राव तेवढी सवड देत नाही. वैद्य कितीही थोर असो, तो पाव कोसावर असेल तर त्याच्या थोरवीचा उपयोग नाही. या एका गोष्टीमुळे रक्त थांबवण्याचा इतिहास वैद्यकाच्या इतर इतिहासापेक्षा वेगळ्या वाटेने जातो, असे आमचे मत आहे. हे ज्ञान आहे की नाही यावर येथे फारसे अडले नाही. ते कोणाच्या हाती असावे यावर अडले.

ज्ञान तर फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय रक्ताविषयीचा आहे आणि त्यात वाहते रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्यांनी जखम सांधावी, गारव्याने रक्त थिजवावे, भस्माने ते आटवावे, आणि डागून शिरांची तोंडे आखडवावीत. पहिले तीन उपाय थकले, तरच डागणी. हा क्रम पाहण्यासारखा आहे. सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत क्रूर आहे. आमच्या घराघरांत जखमेत हळद दाबतात, रानात गुरे राखणारी मुले दगडीपाल्याचा रस पिळतात, ते या चौकटीत कोठेतरी बसतेच. रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने, पुढे दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळावर कोर्दोव्याच्या अल्-झहरावीने, रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याविषयी लिहून ठेवले होते.

पण हे लिहिलेले वाचणारे वेगळे आणि जखमेपाशी बसणारे वेगळे. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण आळशी माणसाच्या निरर्थक उद्योगासाठी वापरतो. तिच्यात एक इतिहास अडकून बसला आहे, तो आपल्या ध्यानात येत नाही. तुंबडी लावणे, जळवा लावणे, गळू फोडणे ही न्हाव्याची कामे होती, म्हणूनच ती म्हण सुचली. वस्तरा ज्याच्या हाती, रक्त त्याच्या हाती. संस्कृत संहिता त्याने वाचलेली नसे आणि संहिता वाचणाऱ्याने वस्तरा धरलेला असेलच, असे नसे. युरोपातही हेच होते. पॅरिसमध्ये विद्यापीठातले वैद्य सर्वांत वर. ते लॅटिन बोलत आणि सहसा रोग्याच्या अंगाला हात लावीत नसत. त्यांच्याखाली सेंट कोम संघाचे लांब झग्याचे शल्यवैद्य. सर्वांत खाली आखूड झग्याचे न्हावी-शल्यवैद्य, जे दाढी करीत, फसद उघडीत आणि लढाई आली की फौजेबरोबर जात.

या तिसऱ्या पायरीवरून आंब्रवाज पारे वर आला. जन्म १५१० च्या सुमाराचा, लाव्हालजवळच्या खेड्यातला. न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी, नंतर पॅरिसच्या ‘ओतेल-द्य’ या रुग्णालयात काही वर्षे काम. लॅटिन त्याला येत नव्हते. १५३७ मध्ये फ्रेंच फौजेबरोबर तो तुरीनच्या मोहिमेवर गेला. तोवर त्याने बंदुकीची ताजी जखम पाहिलेली नव्हती, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. त्या काळच्या ग्रंथांचे मत असे होते की, तोड्याच्या बंदुकीच्या जखमेत दारूचे विष शिरते, म्हणून ती उकळत्या तेलाने जाळून काढावी. एल्डर नावाच्या झुडपाचे तेल, त्यात थोडे विषहारक औषध, ते सळसळून तापवायचे आणि जखमेत ओतायचे. पारेने बाकीचे शल्यवैद्य काय करतात ते पाहिले आणि तेच केले. मग तेल संपले.

पुढची हकीकत वैद्यकाच्या सर्व इतिहासांत असते, तरीही ती पुन्हा सांगण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. नाइलाजाने त्याने अंड्याचा पिवळा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे लेपण केले आणि ते उरलेल्या जखमांवर लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही. ज्यांना आपण डागले नाही, ते सकाळी विषाने मेलेले सापडतील या भीतीने. पहाटेच तो उठून पाहायला गेला. ज्यांना लेप लावला होता, ते बऱ्यापैकी झोपलेले, वेदना थोडी, जखमेला सूज नाही. ज्यांना तेलाने जाळले होते, ते तापाने फणफणलेले, जखमांभोवती सुजलेले. त्याने तेथेच मनाशी ठरवले की, पुन्हा कोणाला असे जाळायचे नाही.

(जाता जाता आठवले म्हणून सांगतो : आपल्याकडच्या लोककथेत अश्वत्थामा कपाळीची भळभळती जखम घेऊन सातपुड्यात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. तेथील तेल दाहशामक आहे, तुरीनचे दाहक. पण ज्याची जखम कोणी बांधत नाही अशा माणसाची कल्पना करायची झाली, तर आपल्या परंपरेने त्याला शाप म्हणून अमरत्व दिले, हे विसरण्यासारखे नाही.)

त्याच मोहिमेतला आणखी एक प्रसंग पारेने लिहून ठेवला आहे आणि आमच्या मते तो तेलाच्या प्रसंगाहून कठीण आहे. शहरात शिरताना घोडा बांधायला तो एका तबेल्यात गेला. तेथे चार सैनिक मरून पडले होते आणि तिघे भिंतीला टेकून बसले होते. चेहरे ओळखू येत नव्हते, डोळे-कान गेलेले, कपडे दारूने अजून धुमसत होते. एका म्हाताऱ्या शिपायाने विचारले, यांना बरे करण्याचा काही उपाय आहे का? पारे म्हणाला, नाही. त्यावर तो म्हातारा शांतपणे पुढे झाला आणि त्याने तिघांचेही गळे चिरले, रागाशिवाय, हळुवारपणे. पारेने त्याला दुष्ट म्हणून फटकारले. म्हातारा म्हणाला, माझ्यावर अशी वेळ आली तर माझ्यासाठीही कोणीतरी एवढे करावे, अशी मी देवाची प्रार्थना करतो. पारे यावर भाष्य करीत नाही. सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाला ‘नाही’ हे उत्तर द्यावे लागले आणि त्या उत्तराचा परिणाम त्याने डोळ्यांनी पाहिला. पुढचे सारे आयुष्य त्याने ‘नाही’ म्हणण्याच्या जागा कमी करण्यात घालवले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा आमचा अर्थ आहे, त्याचा नव्हे.

१५५२ मध्ये दांव्हिलियेच्या वेढ्यात एक गोळा तंबूतून आरपार गेला आणि रोहां सरदाराच्या पदरी असलेल्या एका माणसाचा पाय चिरडला. पाय कापणे भाग होते. तोवरचा रिवाज असा की, पाय कापला की उघड्या धमन्यांवर तापलेले लोखंड टेकवायचे. पारेने तसे केले नाही. कावळ्याच्या चोचीसारख्या वाकड्या चिमट्याने त्याने धमन्यांची तोंडे ओढून धरली आणि ती दुहेरी दोऱ्याने बांधून टाकली. तो माणूस बरा झाला आणि लाकडी पायावर आनंदाने घरी गेला. जाळून न घेता स्वस्तात सुटलो असे म्हणत गेला, असे पारे मिश्कीलपणे सांगतो. १५६४ च्या ‘शल्यविद्येचे दहा ग्रंथ’ या पुस्तकात त्याने ही पद्धत सविस्तर मांडली आणि आपण पूर्वी डागत होतो याबद्दल पश्चात्तापही नोंदवला.

येथवर ही एका हुशार माणसाची कथा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना खरी गोडी वाटावी ती पुढच्या भांडणाची. पारेने सारे फ्रेंचमध्ये लिहिले. १५७५ साली त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने त्यांची विक्री रोखण्याचा प्रयत्न केला. त्यांचा एक अधिकारी एतिएन गुर्मेलँ याने १५८० मध्ये लॅटिनमधून या धमनी बांधण्याच्या प्रकारावर टीका केली : जुन्यांनी डागायला सांगितले आहे, ते सोडून हा नवा उद्योग कशासाठी? १५८५ साली, वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास, पारेने त्याला उत्तर लिहिले. आधी त्याने प्रतिपक्षाच्याच शस्त्रांनी वार केला; धमनी बांधणे जुन्यांनाही माहीत होते हे त्याने त्यांच्याच ग्रंथांतून दाखवून दिले. मग तो आपल्या मोहिमांची हकीकत सांगू लागतो, आणि सांगतच सुटतो : तुरीन, दांव्हिलिये, मेट्झ, एस्दँ. एकेक वेढा, एकेक जखमी, कोण जगला, कोण मेला. मधूनमधून तो आपल्या टीकाकाराला उपरोधाने लहानसा गुरुजी म्हणून हाक मारतो आणि विचारतो की, आपल्या खुर्चीवरून उठून हे तुम्ही कधी पाहिले आहे का? वाद घालता घालता तो आत्मचरित्र लिहून बसला. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच गद्याच्या अभ्यासकांनाही हे पुस्तक वाचावे लागते, ते यामुळे.

आमच्या वाचकांना येथे एकनाथ आठवले असतील. ‘एकनाथी भागवत’ १५७३ मध्ये वाराणसीत पुरे झाले, म्हणजे पारेच्या समग्र ग्रंथांच्या दोनच वर्षे आधी. आणि तेथील पंडितांनी प्राकृतातल्या या ग्रंथाला हरकत घेतल्याची कथा परंपरेने जपली आहे. साम्य ताणू नये. एक मोक्षाचा प्रश्न, दुसरा मांडीच्या धमनीचा. पण दोन्हीकडे आक्षेप सारखाच होता. जे सांगितले जात होते, ते चूक आहे हा खरा आक्षेप नव्हता. ते कोणत्या भाषेत, म्हणजे कोणासाठी सांगितले जात आहे, हा होता.

पारे चार राजांचा शल्यवैद्य होऊन १५९० मध्ये वारला. त्याची पद्धत मात्र लगेच रुजली नाही आणि त्याला गुर्मेलँ एकटा कारण नव्हता. मांडी कापताना बांधायच्या रक्तवाहिन्या अनेक असतात. एक शोधून बांधेपर्यंत बाकीच्यांतून रक्त वाहत राहते. हाताशी कुशल मदतनीस नसेल, तर लढाईच्या गर्दीत तापलेले लोखंडच सोपे. पारे स्वतः जखमेच्या वर घट्ट बंध घालीत असे, पण तो सैल पडे. नुसत्या कापडाच्या पट्ट्यात काठी अडकवून पीळ देण्याची युक्ती सतराव्या शतकात आली. १७१८ साली झां लुई पेती याने त्याला पितळी मळसूत्र जोडले. मळसूत्र फिरवले की दाब वाढतो, सोडले तरी तो टिकतो, आणि शल्यवैद्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. फिरवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून या साधनाला टूर्निकेट असे नाव पडले. आता धमन्या सावकाश शोधून बांधता येऊ लागल्या. पारेला जे हवे होते, ते त्याच्या मागे सव्वाशे वर्षांनी एका मळसूत्राने दिले. (दोऱ्याबरोबर जखमेत शिरणारा संसर्ग हा वेगळाच अडथळा होता, तो १८६७ मधल्या लिस्टरच्या कामापर्यंत कायम राहिला.)

साधन आले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नव्हे. या साधनाच्या इतिहासातल्या दोन घटना आम्ही नेहमी जोडीने सांगतो. २४ जुलै १७९७ च्या रात्री तेनेरिफ बेटावर उतरताना नेल्सनच्या उजव्या हाताला गोळी लागून धमनी फुटली. बाजूला त्याचा सावत्र मुलगा जोसाया निस्बेट होता, नौदलातला तरुण अधिकारी, वैद्यकाचा गंध नाही. त्याने गळ्यातले रुमाल सोडले, दंडाभोवती आवळले आणि नेल्सनला होडीत घातले. हात गेला, नेल्सन वाचला. ट्राफल्गारची लढाई त्यानंतर आठ वर्षांनी झाली. दुसरी घटना ६ एप्रिल १८६२ ची, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईतली. दक्षिणेचा सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याच्या गुडघ्यामागे गोळी लागली. रक्त बुटात साचत राहिले, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. आपला शल्यवैद्य त्याने थोड्याच वेळापूर्वी इतर जखमींकडे पाठवला होता. सेनापती घोड्यावरच डळमळू लागला, त्याला खाली उतरवले, भोवती अधिकारी जमले, जखम कोठे आहे ते शोधत राहिले आणि तो गेला. त्याच्या खिशात टूर्निकेट होते.

मधल्या काळात नेपोलियनच्या फौजेतल्या लारेने जखमींना उचलून आणणाऱ्या हलक्या, वेगवान गाड्या काढल्या होत्या आणि हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावण्याचा दंडक घातला होता. वैद्याला जखमीकडे नेण्याची ही धारा पुढे दूरवर गेली, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते याच धारेतून. परंतु जॉन्स्टनच्या खिशातले टूर्निकेट वेगळा धडा देत होते. वैद्य कितीही जवळ नेला तरी तो प्रत्येकाच्या खांद्याशी उभा करता येत नाही. खांद्याशी असतो तो दुसरा शिपाई, शेजारी, वाटसरू. ब्रिटिश फौजेतले सर्जन-मेजर पीटर शेपर्ड यांनी १८७८ मध्ये वुलिचला सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेतले आणि त्यासाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. पुढच्याच जानेवारीत इसांडल्वानाच्या लढाईत जखमींवर उपचार करताना ते मारले गेले. जर्मनीत १८८२ मध्ये कील येथे एस्मार्कने असेच वर्ग सुरू केले. रबरी पट्टीने अवयव रक्तहीन करून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १८७३ मध्ये मांडणारा तो हाच एस्मार्क, राजघराण्याशी सोयरीक असलेला मातब्बर प्राध्यापक. आणि तो खाणकामगारांना, पोलिसांना, गृहिणींना त्रिकोणी फडके कसे बांधायचे ते शिकवीत होता. अशाने वैदू माजतील, ही तक्रार त्यालाही ऐकावी लागली. गुर्मेलँ कधीच पुरता मरत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण एका गोष्टीने केव्हाच देऊन ठेवले होते. कृष्णाचे बोट कापते, रक्त वाहू लागते. सुभद्रा चिंधी शोधू लागते. घरात शालू आहेत, पैठण्या आहेत, चिंधी सापडत नाही. द्रौपदी अंगावरचा पितांबर फाडते. ‘श्यामची आई’ या १९५३ सालच्या चित्रपटात आचार्य अत्र्यांनी या कथेवर लिहिलेले आणि आशा भोसल्यांनी गायलेले गाणे महाराष्ट्राला पाठ आहे. वर्गात या गाण्याचा अर्थ आपण बंधुप्रेम असा सांगतो आणि तो बरोबरच आहे. पण प्रथमोपचाराच्या कोणत्याही शिक्षकाला त्यातले दुसरेही दिसेल. सुभद्रेजवळ प्रेम कमी होते असे नाही. ती योग्य वस्तूच्या शोधात वेळ घालवते. द्रौपदी हाताशी आहे ते वापरते.

टूर्निकेटवर मात्र विसाव्या शतकात वाईट दिवस आले. पहिल्या महायुद्धात खंदकांतून मागे यायला जखमींना तास न् तास लागत. तोवर आवळलेला पट्टा तसाच राही आणि खालचा अवयव मरून जाई. शल्यवैद्यांना टेबलावर ते मेलेले पाय दिसत. पट्टा आवळल्यामुळे जो माणूस टेबलापर्यंत पोचला, त्याचे श्रेय पट्ट्याला द्यायचे कोणाला सुचत नसे. आणि पट्टा न आवळल्यामुळे जो खंदकातच संपला, तो त्यांच्या नजरेस पडतच नव्हता. आमच्या शाळेच्या दिवसांतल्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही टूर्निकेट अगदी शेवटचा उपाय म्हणून, धाक घालून सांगितलेले असे. पुराव्याचा हा दोष इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटावा : जे टिकले, त्यावरूनच आपण निष्कर्ष काढतो.

हे मत फिरले ते इराकच्या युद्धात. बगदादच्या एका अमेरिकन लष्करी रुग्णालयात जॉन क्रॅग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये टूर्निकेट बांधून आलेल्या जखमींच्या नोंदी ठेवल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २३२ जखमी आहेत. रक्तस्रावाने शरीर खचण्यापूर्वीच ज्यांना पट्टा आवळला गेला, त्यांतले सुमारे ९० टक्के जगले. खचल्यानंतर ज्यांना आवळला गेला, त्यांतले सुमारे १० टक्के. केवळ पट्ट्यामुळे अवयव गमावल्याचे एकही उदाहरण त्यांना सापडले नाही. एवढा मोठा फरक वैद्यकातल्या फार थोड्या उपायांत दिसतो आणि हा फरक औषधाचा नव्हता, काही मिनिटांचा होता. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा तुटलेल्या पायांवर प्रेक्षकांनी आणि मदतीला धावलेल्यांनी कमरेचे पट्टे, कपडे, मिळेल ते आवळले. जोसाया निस्बेटच्या रुमालाहून ते फार वेगळे नव्हते. २०१५ पासून अमेरिकेत सामान्य लोकांना हे शिकवण्याची मोहीम चालू झाली. शिकवायचे तरी किती? आधी जखमेवर थेट आणि सोडून न देता दाब. हातापायाच्या जखमेतून रक्त उसळतच असेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टा, रक्त थांबेपर्यंत आवळलेला. आवळल्याची वेळ लिहून ठेवायची. सोडण्याचे काम रुग्णालयाचे.

आपल्याकडे एक निराळा अडसर होता आणि तो ज्ञानाचा नव्हता, भयाचा होता. रस्त्यावर पडलेल्या माणसाभोवती वर्तुळ जमते आणि वर्तुळातून कोणी पुढे होत नाही, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे, कधी त्या वर्तुळात उभेही राहिलो आहोत. पुढे व्हावे तर पोलीस नाव विचारणार, रुग्णालय पैसे मागणार, कोर्टाचे खेटे पडणार. आम्ही हे लोकांच्या माणुसकीवर ढकलणार नाही. लोकांचा अनुभव तसाच होता. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जखमीवर तातडीचे उपचार करणे सरकारी आणि खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार नंतर. तो निर्णय रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतो. दारापर्यंत आणणाऱ्या माणसाची दखल घ्यायला आणखी सत्तावीस वर्षे लागली. केंद्र सरकारने २०१५ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वांवर बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले.

या तत्त्वांत, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास स्वतःचे नाव आणि ओळख सांगण्याची सक्ती करता येणार नाही, अशी तरतूद आहे. रुग्णालयाच्या कागदावरचा तो रकाना कोरा ठेवून त्याला निघून जाता येते. सांगायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. पुण्याजवळच्या त्या वीटकराला, आणि कावसजीचे मनगट ज्याने कोणी बांधले त्याला, हे कोणी विचारले नव्हते.